पीव्हीडीएफ फिल्म : दाबावी की ताणावी? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : प्रकल्पासाठी पीव्हीडीएफची (दाबल्यावर किंवा ताणल्यावर विद्युतभार देणाऱ्या प्लास्टिकची) २८ मायक्रॉन जाडीची, १२ बाय ३० मिलिमीटरची पट्टी घेतली. तिच्यावर वजन ठेवलं की ऑसिलोस्कोपवर क्षणभर उसळी दिसते आणि रेघ लगेच शून्यावर येते. वजन तर तसंच असतं. याच पट्टीने श्वासाचा वेग मोजायचा आहे. काय चुकतंय?
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : पट्टी ठीक आहे. दाब बदलला की फिल्मच्या दोन बाजूंवर ठरावीक विद्युतभार येतो. दाब तसाच राहिला तर नवा भार येत नाही आणि आलेला भार ऑसिलोस्कोपच्या प्रोबमधून वाहून जातो. २८ मायक्रॉन फिल्मची धारकता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३८० पिकोफॅरड असते, म्हणजे तुमच्या पट्टीची साधारण १.४ नॅनोफॅरड. १० मेगाओमच्या प्रोबवर तिचा कालस्थिरांक (भार ओसरायला लागणाऱ्या वेळेचं माप) १४ मिलिसेकंद होतो आणि ११ हर्ट्झच्या खालचे बदल क्षीण होत जातात. श्वास मिनिटाला १२ ते २० म्हटले तरी ०.२ ते ०.३३ हर्ट्झ. तो दिसणार कसा? आणि स्थिर वजनासाठी ही फिल्म वापरूच नये, तिथे लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) हवा.

पण खरी चूक वेगळीच आहे. ही फिल्म दाबायची नाही, लांबीच्या दिशेने ताणायची. १ न्यूटन बलाने जाडीच्या दिशेने दाबली तर सुमारे ३० पिकोकूलोम भार मिळतो. तेवढ्याच बलाने लांबीत ओढली तर बल १२ मिलिमीटर बाय २८ मायक्रॉन एवढ्याशा छेदावर येतं, ताण ३ मेगापास्कलपर्यंत जातो आणि भार मिळतो २५ नॅनोकूलोम, म्हणजे आठशे पटींहून जास्त. मात्र कारखान्यात फिल्म ज्या दिशेने खेचलेली असते तीच दिशा पट्टीच्या लांबीत यायला हवी. आडवी कापलेली पट्टी फार कमी सिग्नल देते.

म्हणून छातीभोवतीच्या पट्ट्याचा थोडा भाग न ताणणाऱ्या कापडाचा ठेवून त्यात फिल्म बसवा आणि उरलेला भाग इलॅस्टिकचा करा. पुढे चार्ज अँप्लिफायर (विद्युतभाराचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारं ऑप-अँपचं सर्किट) जोडा : फीडबॅकमध्ये १० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि त्याला समांतर ३३० मेगाओम. कालस्थिरांक ३.३ सेकंद येतो आणि ०.०५ हर्ट्झपर्यंतचं पकडता येतं. १ न्यूटनच्या ताणाला २.५ व्होल्ट मिळतात आणि केबलच्या धारकतेने हा आकडा बदलत नाही. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर संदर्भ २.५ व्होल्टला ठेवा.

इथे एलएम ३५८ हा नेहमीचा ऑप-अँप लावू नका. त्याचा इनपुट प्रवाह दहावीस नॅनोअँपिअर असतो. २० नॅनोअँपिअर गुणिले ३३० मेगाओम म्हणजे ६.६ व्होल्ट, त्यामुळे आउटपुट एका टोकाला चिकटून बसतं. एलएमसी ६४८२ सारखा, अगदी नगण्य इनपुट प्रवाहाचा सीमॉस ऑप-अँप घ्या. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण धुऊन काढा, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत तो थर ओल धरतो आणि ३३० मेगाओमला समांतर गळती तयार होते.

उष्णतेकडेही लक्ष हवं, कारण तापमान बदललं तरी या फिल्मवर भार येतो. तुमची पट्टी एक अंश तापली तर सुमारे १० नॅनोकूलोम, म्हणजे जवळपास अर्ध्या न्यूटनच्या ताणाइतका. पट्टा कपड्यावरून बांधा, काही मिनिटं थांबा आणि नंतरच नोंदी सुरू करा. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर फिल्म दुमडून जमिनीला जोडलेलं इलेक्ट्रोड (फिल्मवरचा वाहक थर) दोन्ही बाहेरच्या बाजूंना येईल असं करा.

प्रश्न : रसायन कारखान्यांतल्या पाइपांसाठी पीव्हीडीएफचा पत्रा मिळतो. तो पातळ करून सेन्सर बनेल का?

उत्तर : नाही. वितळवून थंड केलेलं पीव्हीडीएफ बहुतांशी अल्फा रूपात गोठतं आणि त्यात रेणूंचे द्विध्रुव (धन-ऋण टोकांच्या जोड्या) एकमेकांना रद्द करतात. फिल्म ८० अंश सेल्सिअसच्या आसपास चार-पाच पट खेचली की बीटा रूप येतं. त्यानंतर तीव्र विद्युतक्षेत्रात द्विध्रुव एका दिशेला वळवावे लागतात, यालाच ध्रुवण म्हणतात. जपानच्या हेजी कावाई यांनी १९६९ मध्ये खेचून ध्रुवित केलेल्या पीव्हीडीएफचा विद्युतभार देण्याचा हा गुण दाखवून दिला. क्षेत्र दर मायक्रॉनला १०० व्होल्ट धरलं तर २८ मायक्रॉनला २८०० व्होल्ट लागतात. एक सूक्ष्म छिद्र असलं की ठिणगी पडून फिल्म जळते, आणि हा व्होल्टेज माणसाच्या जिवावरही बेतू शकतो. घरी करू नका, ध्रुवित फिल्म विकत घ्या.

प्रश्न : तार सोल्डर केली की फिल्म आक्रसते.

उत्तर : आक्रसणारच. पदार्थ १७० अंशांच्या आसपास वितळतो आणि ८० अंशांच्या पुढे ध्रुवणही ढळू लागतं. वाहक चिकट असलेली तांब्याची टेप, खोलीच्या तापमानाला बसणारं सिल्व्हर इपॉक्सी किंवा छोटं रिव्हेट वापरा. तार आधी टेपच्या मोकळ्या टोकाला सोल्डर करा, मग टेप फिल्मवर चिकटवा. वरचं आणि खालचं इलेक्ट्रोड कडेला एकमेकांना शिवत नाहीत ना, हेही बघा.

प्रश्न : याच फिल्मने रोबोचं बोट हलवता येईल का?

उत्तर : बोट नाही, पातळ पाकळी हलेल. १०० व्होल्टला ३ सेंटिमीटरची एकटी पट्टी फक्त अडीच मायक्रॉन लांबते. दोन पट्ट्या अशा चिकटवल्या की एक लांबताना दुसरी आखडेल, तर टोक हिशेबाने २ मिलिमीटर वाकतं. मात्र पट्टी १ सेंटिमीटर रुंद असेल तर ते टोक अडवायला ०.१ मिलिन्यूटन, म्हणजे १० मिलिग्रॅमचं वजन पुरतं. प्रत्यक्षात वाक आणखी कमी मिळेल, कारण गोंदाचा थर ताठरपणा वाढवतो. इपॉक्सी अगदी पातळ पसरून रोलरने दाबा. पट्टी मुळीच वाकली नाही तर बहुधा दोन्ही फिल्म एकाच वेळी लांबत असतात. एकीची जोडणी उलट करून पाहा. जोर हवा असेल तर पीझेडटी सिरॅमिक (व्होल्टेजने आकार बदलणारा कडक पदार्थ) घ्या. ते ठिसूळ असलं तरी ताकद त्यातच आहे. पीव्हीडीएफचा अ‍ॅक्च्युएटर (विजेने हालचाल करणारा भाग) शोभतो तो हवा हलवायला : कमानीसारखी वाकवून कडा पक्क्या केलेली फिल्म लांबीतला बदल आत-बाहेरच्या हालचालीत उतरवते आणि उंच स्वराचा आवाज छान देते.