‘ठेवते गं, मेसेज कर’

पत्र : मी इंदिरानगरला राहते. शाळेतून निवृत्त झाले, यजमान नाहीत. एकुलती लेक हिंजवडीला आयटीत आहे. रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसायची. १२ तारखेला १:४०, १५ तारखेला सव्वादोन. कुणाशी बोलत होतीस विचारलं की चिडायची. महिन्याभरापासून तिचा ‘लास्ट सीन’च दिसेनासा झालाय. माझ्या बहिणीला दिसतो, मला नाही! रविवारी पाचला ती फोन करते, पण तेव्हा माझी भजनी मंडळाला निघायची वेळ, म्हणून मी ‘ठेवते गं, मेसेज कर’ म्हणते. मेसेजला हल्ली उत्तर काय, तर ‘हो’, ‘ठीक’, नाहीतर अंगठा. मोबाइलनं माझी मुलगी नेली. काय करू?
— एक आई, नाशिक

ताई,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमचं वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना रविवारच्या त्या वाक्याशी अडखळले, आणि मग लेकीचंच वाईट वाटायला लागलं.

दर रविवारी, पाचच्या ठोक्याला, न चुकता फोन. कुणी सांगितलेलं नसताना. आणि इकडे तुम्ही पायात चपला सरकवताय, फोन खांद्यानं कानाशी दाबलाय, एका हातात कुलूप, दुसऱ्यात टाळांची पिशवी. मला दिसताय तुम्ही. ‘जेवलीस का? बरं, ठेवते गं, मेसेज कर.’ मग केला की तिनं मेसेज! तुम्हीच लावून दिलेली सवय ती. आता उत्तरात अंगठा आला म्हणून मोबाइलच्या नावानं बोटं कशाला मोडायची?

मी पुण्याला होस्टेलवर होते तेव्हा आई नाशिकला अशोकस्तंभाजवळच्या एसटीडी बूथवरून फोन करायची. रात्री उशिरा, दर उतरल्यावर, रांगेत उभं राहून. काचेच्या खोपटात डोळ्यांसमोर लाल आकडे पळायचे आणि आई श्वास न घेता बोलायची. वरणाला फोडणी घातली का इथपासून सगळं. तेव्हा घाई होती ती मीटरची. आता मीटर नाही, रांग नाही. तुमची घाई कसली?

लास्ट सीनचं पटकन सांगते, कारण त्यात फार दम नाही. २०२२पासून व्हॉट्सॲपवर अशी सोय आहे की तो आपल्या संपर्कातल्या सगळ्यांना दिसावा, फक्त निवडून वगळलेल्या माणसांना नाही. बहिणीला दिसतो आणि तुम्हाला नाही, याचा अर्थ त्या वगळलेल्यांच्या यादीत बहुतेक तुमचंच नाव आहे. लागेल हे, ठाऊक आहे मला. पण त्या सोयीची दुसरी बाजूही ऐका : ज्याच्यापासून आपण लपवतो, त्याचाही लास्ट सीन आपल्याला दिसत नाही. म्हणजे आई रात्री शेवटची कधी जागी होती, हे तिलाही आता कळत नाही. तेवढं तिनं सोडलं, पण तुमची हजेरी चुकवली. इतकी वर्षं वर्गात हजेरी घेतलीत, हात शिवशिवत असणार. पण १:४० आणि सव्वादोन असं टिपून ठेवायला ती काही तुमच्या पटावर नाही. आणि रात्री दीडला ॲप उघडलं म्हणजे एवढंच, की ॲप उघडलं. काम असेल, मैत्रीण रडत असेल, झोप लागत नसेल. कुणी आवडतही असेल, असू दे.

गंमत बघा, हे व्हॉट्सॲप २००९ साली निघालं ते मुळी नावापुढे ‘कामात आहे’, ‘मोकळा आहे’ एवढं दाखवायला. निरोप पाठवणं त्यात मागाहून आलं. तुम्ही मायलेकी उलट्या पावली तिथेच पोचलात. ती आहे की नाही एवढं बघत बसायचं, बोलायचं मात्र नाही.

तेव्हा येत्या रविवारी भजनाला जायचं नाही. पाचच्या आधी चहा करून घ्या, फोन चार्जिंगला लावा आणि बसा. लास्ट सीनचा ‘ल’ काढायचा नाही. कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, काही नाही. मंडळात पेटीवरून कुणाचं वाजलं, बागेतल्या कढीपत्त्याचं काय झालं, संध्याकाळी घर कसं खायला उठतं, हे तुमचं सांगा. ती थोडी गोंधळेल. ‘आई, बरी आहेस ना?’ असंही विचारेल. मध्येच दोघी गप्प व्हाल, तेव्हा लगेच ‘बरं मग’ म्हणू नका. फोन तिनं ठेवायचा, तुम्ही नाही.

आणि मंडळाला आजच कळवून टाका. टाळ काय, दुसरं कुणीही धरेल.