चितारी, पेंटर आणि चित्रकार

बेळगावच्या एका वाचकाने विचारलंय: "आजी 'चितारी' म्हणायची, बाबा 'पेंटर' म्हणतात, मुलीच्या पुस्तकात 'चित्रकार' आहे. एकाच कामाला तीन शब्द कशाला ओ?"

काम एक, पण माणसं तीन काळांतली.

कुंभकाराचा कुंभार झाला, सुवर्णकाराचा सोनार, तसाच चित्रकार प्राकृतातून झिजत चितारी झाला. म्हणजे हा शब्द त्याच रांगेतला: बापाचं काम मुलाकडे, आळी ठरलेली, चित्राखाली नाव नाही. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला गेलात तर लाकडी खेळण्यांची चितार आळी भेटेल. घाटावर कन्नडात याचाच भाऊ चित्रगार. कर्नाटकातल्या किन्नाळ गावची लाकडी खेळणी करणारी घराणी ती. (हा 'गार' कामगारातला फारसी नव्हे बरं का. संस्कृत 'कार' कन्नडात 'गार' होतो. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेगार.)

मग चितारी हाताशी असताना 'चित्रकार' परत कशाला आणला? सोनाराला बोलताना कुणी सुवर्णकार म्हणत नाही. माझं मत असं: १८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली आणि चित्रकला घराण्याबाहेर शिकता येऊ लागली. ज्याच्या घरात कुणी कुंचला धरला नव्हता, त्याला जातीचा वास असलेला शब्द कसा लावणार? संस्कृतातला कोरा शब्द सोयीचा पडला. चांभारऐवजी चर्मकार म्हणण्यामागेही मानाचीच गोष्ट आहे.

पेंटर आला नाटकाच्या पडद्यांबरोबर. कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री पडदे रंगवता रंगवता बाबुराव पेंटर झाले. धंदाच आडनाव होऊन बसला. पुढे हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर उतरला. आमच्या गल्लीतले पेंटर खडूची दोरी ताणून टिचकी मारायचे, की पत्र्यावर सरळ रेघ. मराठी ओळीला शिरोरेघ एका दमात ओढायची. कन्नड ओळीत मात्र अक्षरागणिक तलकट्टू, म्हणजे डोक्यावरची खूण, वेगळा, तिथे हात सावकाश चाले. खाली कोपऱ्यात बारीक सही. चितारी सही करत नसे, पेंटर करू लागला, हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

आणि पेंटर-चित्रकार ही भिंतही पक्की नाही. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटातले एम. एफ. हुसेन आधी मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरत होते. तेव्हा आपल्याकडे असते तर पेंटरच म्हटलं असतं त्यांना.

तेव्हा लिहिताना: घराण्याची कला असेल तर चितारी, पाट्या-पडद्यांचं काम असेल तर पेंटर, स्वतःचं चित्र काढणारा तो चित्रकार. फ्लेक्स आल्यावर आमच्या पेंटरांची पाट्यांची कामं गेली. आता शाळांच्या भिंती रंगवतात आणि सहीपुढे 'आर्टिस्ट' लिहितात. गल्लीतून हाक मात्र अजून तीच: "ओ पेंटर, जेवला काय?"