थँक्सगिव्हिंगला आभार, शुक्रवारी खरेदी, मंगळवारी दान: हे ढोंग नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त नुकतेच अमेरिकेत आलात. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाला, गुरुवारी जेवणाच्या टेबलावर डोळे मिटून आभार मानणारी माणसं शुक्रवारी टीव्हीच्या सेलवर तुटून पडतात आणि मंगळवारी दानाच्या ईमेलींनी इनबॉक्स भरतो. हे सगळं ढोंग नाही का? आणि आपण शुक्रवारी काहीच न घेता ते पैसे दान करून टाकावेत का?

ढोंग मी म्हणणार नाही. 'मुळात सण निर्मळ होता, बाजाराने तो बाटवला' हे ऐकायला बरं वाटतं, पण घडलंय वेगळंच. लिंकनने 1863 मध्ये, ऐन यादवी युद्धात, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराचा म्हणून जाहीर केला. भरल्या सुगीबद्दल देवाचे आभार माना आणि युद्धाने विधवा, अनाथ झालेल्यांसाठीही प्रार्थना करा, असं त्या जाहीरनाम्यात आहे. मग आलं 1939. मंदी पुरती सरली नव्हती आणि शेवटचा गुरुवार नेमका 30 तारखेला येत होता. नाताळची खरेदी थँक्सगिव्हिंग झाल्यावरच सुरू व्हायची, त्यामुळे धंद्याचे दिवस कमी पडणार म्हणून मोठ्या दुकानदारांनी अध्यक्ष रूझवेल्टला गळ घातली आणि त्याने सण आठवडाभर अलीकडे ओढला. त्यावरून असा गोंधळ उडाला की जवळपास निम्म्या राज्यांनी 23 तारीख मानली, बाकीची 30 वर अडून बसली आणि टेक्सासने दोन्ही दिवस सुट्टी देऊन टाकली! अखेर डिसेंबर 1941 मध्ये कायदा होऊन 'चौथा गुरुवार' पक्का झाला. थोडक्यात, आभाराच्या तारखेवरूनच दुकानदारांचा हात फिरलेला आहे. बाजार या घरात पाहुणा म्हणून आलेला नाही, तो जुना भाडेकरू आहे.

गिव्हिंग ट्यूजडे, म्हणजे तो दानाचा मंगळवार, त्या मानाने अगदी कालचा. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या '92 स्ट्रीट वाय' या संस्थेने युनायटेड नेशन्स फाउंडेशनला सोबत घेऊन तो सुरू केला, आणि खरेदीचे दिवस संपताच दानाचा एक दिवस असावा म्हणून जाणूनबुजून तिथे बसवला. कल्पना चांगलीच आहे. फक्त त्या दिवशीच्या ईमेली 'आज मध्यरात्रीपर्यंतच!' अशा थाटात येतात, तेव्हा मला कालचा सेल आठवतो.

माझी तक्रार खरेदीबद्दल नाहीच. खरेदी करताना आपण गिऱ्हाईक असतो, ते ठीक. दान करतानाही आपण गिऱ्हाईकच राहतो, ते खटकतं. काय द्यायचं, कधी द्यायचं, देताना कसं वाटायला हवं, सगळं आपल्या पसंतीने.

मी इथल्या एका फूड बँकेत, म्हणजे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेत, अधूनमधून शनिवारी डबे निवडायला जातो. ऑफिसा-ऑफिसांतून, शाळांतून गोळा झालेलं सामान केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांतून येतं. एकेक डबा हातात घ्यायचा, फिरवायचा, फुगलाय का बघायचं, शिवणीवर खोल पोचा असेल तर बाद. तारीख उलटली म्हणून साधा मक्याचा डबा फेकत नाहीत, पण बाळाच्या दुधाच्या पावडरीची तारीख एका दिवसाने उलटली तरी ती बाद. नोव्हेंबरात काय येतं? भोपळ्याचा गर, क्रॅनबेरी सॉस, पुन्हा भोपळ्याचा गर. मधूनच कुणाच्या तरी फडताळाच्या तळातून निघालेली केपर्सची, म्हणजे खारवलेल्या कळ्यांची बाटली. ज्या घरात दोन्ही पालक रात्रपाळी करतात तिथे केपर्सचं काय करायचं, देव जाणे. पीनट बटर आणि ट्यूना मात्र कायम कमी. शेजारी उभ्या असलेल्या आजीबाई केपर्ससारखं काही हाती लागलं की ते वर धरून सगळ्यांना दाखवतात, मग हसतात आणि बाजूला ठेवतात.

तेच पैसे रोख दिले तर संस्था घाऊक भावात, लागेल ते, लागेल तेव्हा घेऊ शकते. पण रोख देण्यात मजा नाही. डबे भरलेली पिशवी नेऊन ठेवण्यात दिल्यासारखं वाटतं. वेळेचंही तसंच. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी वाढायला यायचं म्हणून लोक कितीतरी आधी नाव नोंदवतात, फेब्रुवारीत त्याच जागेत हात कमी पडतात. उन्हाळ्यात शाळा बंद म्हणजे मुलांचं शाळेतलं जेवणही बंद, तेव्हा मागणी वाढते, पण तेव्हा कुठलाच सण नसतो.

जोएल वाल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाचा 1993 चा नाताळच्या भेटींवरचा एक निबंध गाजला होता. विद्यार्थ्यांना विचारून त्याने हिशेब मांडला की, भेटवस्तूची किंमत घेणाऱ्याच्या लेखी देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा दहा टक्क्यांपासून थेट एक तृतीयांशापर्यंत कमी भरते. लोक त्याला चिडले, कारण भावाने दिलेल्या स्वेटरचा असा हिशेब कुणी करत नाही. मलाही तो घरच्या भेटींना लावावासा वाटत नाही. अनोळखी भुकेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तो जसाच्या तसा लागू पडतो.

देऊन बरं वाटण्यात काही वाईट नाही, हेही सांगतो. व्हँकुव्हरला संशोधकांनी काही जणांना सकाळी पाकिटात 5 किंवा 20 डॉलर दिले. काहींनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर उडवायचे, काहींनी दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी खर्च करणारे संध्याकाळी जास्त खूश होते, आणि 5 की 20 याने फरक पडला नाही. हा अभ्यास 2008 मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आला. म्हणजे पगार वाढेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आता शुक्रवारचं. बूट फाटले असतील तर खुशाल घ्या, स्वस्तात मिळतील. 'बाय नथिंग डे' नावाची एक चळवळ 1992 पासून आहे, त्या दिवशी काहीच विकत घ्यायचं नाही म्हणून. पण शुक्रवारी उपास करून सोमवारच्या ऑनलाइन सेलवर पारणं फेडणारे मी पाहिलेत. आणि जो टीव्ही तुम्ही घेणारच नव्हता, त्याचे वाचलेले पैसे मुळात नसतातच. तेव्हा दान खरेदीच्या जमाखर्चाला बांधू नका. एक संस्था निवडा, आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या वेबसाइटवर तिची नोंद आहे का तपासा, आणि दरमहा झेपेल तेवढी रक्कम खात्यातून आपोआप जाऊ द्या. ठरावीक कामासाठीच वापरा, अशी अट शक्यतो घालू नका, कारण वीजबिल आणि ट्रकचं डिझेल अशा अटींत बसत नाही.

नवी नोकरी आहे, तर एचआरला 'मॅचिंग गिफ्ट' आहे का विचारा. बऱ्याच कंपन्या तुम्ही दिलेल्या रकमेइतकीच भर आपल्याकडून घालतात, त्याला पावती लागते आणि अर्जाला मुदत असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एचआरमध्ये कुणी भेटत नाही, म्हणून आत्ताच विचारून ठेवा.