ऑस्ट्रेलियात एवढा पगार मिळूनही लोक सरकारवर वैतागलेले का असतात?

तुम्ही विचारलंय की तिकडे तासाला एवढे डॉलर मिळतात, म्हातारपणी सरकार पेन्शन देतं, मग तिथले लोक, त्यात आपले मराठी लोकही आले, सारखे सरकारच्या नावाने बोटं का मोडतात आणि सरकारने काय केलं तर जरा न्याय्य होईल. मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, अर्थशास्त्रज्ञ वगैरे नाही, साधा पगारदार माणूस आहे, त्यामुळे खिशाला जे कळतं तेच सांगतो.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल हा रडगाणंच गातोय. जुलै २०२५ ला इथे किमान वेतन तासाला २४ डॉलर ९५ सेंट झालं, कॅज्युअल म्हणजे कायम नोकरी नसलेले असाल तर त्यावर सहसा २५ टक्के जास्त. शिवाय कंपनीला पगाराच्या वर १२ टक्के तुमच्या सुपरमध्ये भरावे लागतात, सुपर म्हणजे आपल्याकडचा पीएफच समजा. भाजी, दूध, ब्रेडवर जीएसटी नाही. भाड्याच्या घराचं डिपॉझिट, इथे त्याला बॉन्ड म्हणतात, ते घरमालकाच्या खिशात जातच नाही, व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात येतं तिथे, ते सरकारी ऑथॉरिटीकडे जमा होतं आणि घर सोडताना त्यातून काही कापायचं असेल तर का कापायचं ते मालकाला दाखवून द्यावं लागतं. पुण्यात ज्याच्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे गुपचूप कापले गेलेत त्याला याची किंमत लगेच कळेल.

मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते घरावर. इथे दोन माणसांची परिस्थिती किती वेगळी आहे हे त्यांच्या पगारावरून फारसं कळत नाही, घर कधी घेतलं (किंवा घेतलंच नाही) त्यावरून कळतं. आणि सरकारी नियम ही दरी कमी करायच्या ऐवजी वर्षानुवर्षं वाढवत आलेत असं माझं मत आहे.

पगारापासून सुरू करू. २०२५-२६ च्या स्लॅबप्रमाणे वर्षाला ९० हजार डॉलर कमावणारी नर्स साधारण १७,८०० डॉलर इन्कम टॅक्स आणि वर मेडिकेअर लेव्हीचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या कराचे, १,८०० देते, पगार हातात यायच्या आधीच कापून जातात, पळवाट नाही. आता दुसरीकडे २ लाख २० हजार कमावणारा एखादा स्पेशालिस्ट घ्या, त्याने कर्ज काढून एक फ्लॅट भाड्याने द्यायला घेतला. व्याज, कौन्सिल रेट्स (आपली घरपट्टी), दुरुस्ती हे सगळं धरून वर्षाला भाड्यापेक्षा १५ हजार जास्त खर्च झाला तर ते १५ हजार तो आपल्या पगाराच्या उत्पन्नातून वजा करतो आणि लेव्ही धरून ७ हजार डॉलरच्या वर टॅक्स वाचवतो. हेच निगेटिव्ह गिअरिंग. नर्सने तोच फ्लॅट घेतला आणि तिला तेवढाच तोटा झाला तर तिचे वाचतात ४,८००, कारण तिचा स्लॅब खालचा. म्हणजे ज्याला गरज कमी त्याला सवलत जास्त! आणि तोटा करून कोण कशाला घर घेईल असं तुम्हाला वाटेल, तर खरी मजा विकताना आहे, वर्षभरापेक्षा जास्त ठेवून विकलं तर नफ्याच्या निम्म्याच रकमेवर टॅक्स, १९९९ मध्ये पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने आणलेली सवलत ही. ३ लाख नफा झाला तर दीड लाखच उत्पन्नात धरायचे. तेच ३ लाख रात्रपाळ्या करून कमावले असते तर पूर्णच्या पूर्ण धरले असते.

राहतं घर विकलं तर नफ्यावर तेवढाही टॅक्स नाही. आणि वारसा कर इथे मुळात नाहीच, केंद्राचा १९७९ मध्ये गेला, राज्यांचेही त्याच सुमाराला गेले. त्यामुळे ज्याच्या आईवडिलांनी १९८५ ला घर घेतलं त्याची पोरं तरतात आणि तुमच्याआमच्यासारखा दोन सुटकेसा घेऊन आलेला माणूस शून्यापासून सुरू करतो.

त्यात स्टॅम्प ड्युटी. तुम्ही महाराष्ट्रात भरली असेलच. व्हिक्टोरियात राहायला ८ लाखांचं जुनं घर घेतलं तर ४३,०७० डॉलर सरकारला, आणि ते बँकेच्या कर्जात सहसा मिळत नाहीत, डाउन पेमेंटच्या वर साठवावे लागतात. पहिलं घर असेल तर ६ लाखांपर्यंत माफ आणि साडेसात लाखांपर्यंत थोडी सूट, पण त्या किमतीत घर कुठे मिळतं तर टार्नीट, विंडम व्हेल अशा लांबच्या उपनगरांत, जिथे आपली अर्धी मंडळी राहतात आणि रोज सकाळी खच्चून भरलेल्या गाडीत उभं राहून शहरात जातात. मला या करात सगळ्यात जास्त राग याचा येतो की तो फक्त हलणाऱ्या माणसाला लागतो. चार बेडरूमच्या घरात दोघंच म्हातारे राहतात, त्यांनाही छोटं घर हवं असतं, पण हललं की पुन्हा चाळीस हजार गेले, म्हणून बसून राहतात. आणि ज्याला ऑफिस बदललं म्हणून हलायचंय तो तीस किलोमीटर जास्त गाडी चालवतो.

भाडेकरूंचं तर विचारूच नका. शनिवारी सकाळी घर बघायला पंधरा मिनिटांचा स्लॉट असतो, फुटपाथवर रांग, एजंट हातात टॅब घेऊन नावं टिपतो, बूट काढून आत जायचं, कपाटं उघडून बघायची, तेवढ्यात मागचे लोक येतात. बाहेर आलं की तिथेच फोनवर फॉर्म भरायचा, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आधीच्या घरमालकाचा संदर्भ. भारतातून नुकत्याच आलेल्या जोडप्याकडे इथला आधीचा घरमालक कुठून येणार? आमच्या ओळखीतल्या एकांनी शेवटी सहा महिन्यांचं भाडं एकदम द्यायची तयारी दाखवली तेव्हा कुठे एजंटने परत फोन केला.

पेन्शनची गंमत मात्र लोकांना माहीतच नसते. सरकारी पेन्शन देताना तुमची मालमत्ता मोजतात, पण राहतं घर मोजत नाहीत, मग ते ५ लाखांचं असो की ३० लाखांचं. ज्याचं घर नाही त्याला म्हणून थोडी जास्त मर्यादा दिलीये. जुलै २०२५ च्या आकड्यांनी एकट्या माणसाला पूर्ण पेन्शनसाठी घर असेल तर बाकीची मालमत्ता ३,२१,५०० पर्यंत चालते, नसेल तर ५,७९,५००. फरक २,५८,००० चा. म्हणजे सरकारच्या लेखी मेलबर्नमधल्या घराची किंमत अडीच लाखाच्या आसपास! त्या पैशात इथे गॅरेज तरी मिळेल का शंका आहे, आणि आयुष्यभर भाड्याने राहून सहा-सात लाख साठवलेल्या म्हातारीची पेन्शन कापली जाते.

आता कोणी बदलत का नाही, तर मतं. २०२१ च्या जनगणनेत दोन तृतीयांश घरं मालकीची होती, कर्ज असो वा नसो, आणि इथे मतदान सक्तीचं आहे. पंतप्रधान हॉक आणि अर्थमंत्री कीटिंग यांच्या सरकारने १९८५ मध्ये निगेटिव्ह गिअरिंगला लगाम घातला, भाडी वाढली अशी ओरड झाली, १९८७ मध्ये परत सुरू. (भाडी मुख्यतः सिडनी आणि पर्थमध्ये वाढली होती, सगळीकडे नाही, पण दंतकथा देशभर टिकली.) मग लेबर पक्षाचे तेव्हाचे नेते बिल शॉर्टन यांनी २०१६ आणि २०१९ अशा दोन निवडणुका ही सवलत कमी करायचा विषय घेऊन लढवल्या आणि दोन्ही हरले. त्यानंतर नेत्यांनी या विषयाला हात घालताना दहादा विचार केला नसता तरच नवल.

मला विचाराल तर पहिल्यांदा स्टॅम्प ड्युटीला हात घाला, कारण त्यात निदान एक चालू उदाहरण आहे. कॅनबेरा ज्या टेरिटरीत येतं तिथे २०१२ पासून वीस वर्षांत स्टॅम्प ड्युटी हळूहळू कमी करून तेवढे पैसे जमिनीवरच्या वार्षिक करातून घ्यायचं चाललंय. जमीन कुठे पळून जात नाही, मेट्रो आली म्हणून भाव वाढला तर त्यातला थोडा वाटा सरकारकडे परत येतो आणि नोकरीसाठी घर बदलणाऱ्याला दंड बसत नाही. निवृत्त माणसाकडे रोख नसेल तर कर घर विकताना वसूल करा, व्याजासकट. न्यू साउथ वेल्सने, म्हणजे सिडनीच्या राज्याने, जानेवारी २०२३ ला पहिलं घर घेणाऱ्यांना स्टॅम्प ड्युटीऐवजी वार्षिक कराचा पर्याय दिला होता, सरकार बदललं आणि त्याच वर्षी नवीन लोकांसाठी बंद. नफ्यावरची ५० टक्के सूट कमी करा, जुन्यांना जुना नियम ठेवा पण नवीन खरेदीला नको, आणि पेन्शनसाठी एका मर्यादेच्या वरचं घर मोजा. माझं स्वतःचं घर आहे, यातलं बरंचसं झालं तर मलाच चाट बसेल, बायको म्हणते तू कोणाच्या बाजूने बोलतोस, पण पोरांना या शहरात घर घेता आलं पाहिजे ना.

तुमच्यापुरतं सांगायचं तर टेम्पररी व्हिसावर येणार असाल तर १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी जुनं घर विकत घ्यायला बहुतेक बंदी आहे, नवीन बांधकाम चालतं पण त्यालाही परवानगी आणि फी. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, घेऊन आलात तरी बेकारी भत्त्यासाठी साधारण चार वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे येताना निदान सहा महिन्यांच्या भाड्याची सोय हाताशी ठेवा आणि भारतातल्या घरमालकाकडून एक साधं पत्र इंग्रजीत लिहून आणा, एजंट ते बघतात.