टेस्ट नॉर्मल होती, मग झटका कसा आला?

प्रश्न : माझा मोठा भाऊ ५४ वर्षांचा आहे. जिने भराभर चढायचा, छातीत दुखल्याची कधी तक्रार नव्हती. सिगारेट मात्र सुटली नव्हती. ऑफिसच्या तपासणीत ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली, म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि काही आठवड्यांतच त्याला पहाटे हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, आता तो बरा आहे. डॉक्टर म्हणाले, "मूळ ब्लॉकेज फार नव्हतं, त्यावर गुठळी झाली." मग टेस्ट चुकली होती का? आणि आता स्टेंट बसलाय, तर एवढ्या गोळ्या कशाला, असं दादा विचारतो. त्याला काय सांगू?

उत्तर : टेस्ट चुकली असं मला वाटत नाही. ट्रेडमिलवर पळताना हृदयाची रक्ताची गरज वाढते आणि तेवढं रक्त पोचतंय की नाही, हे ईसीजीवरून पाहतात. वाहिनी बरीच अरुंद झालेली असेल, तरच तिथे काही दिसतं. तुमच्या दादाच्या वाहिनीतून रक्त पुरेसं वाहत होतं. बिघाड तिच्या भिंतीच्या आत होता आणि तो या टेस्टला कळत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अचानक मृत्यू आलेल्या माणसांची हृदयं तपासणं हा माझ्या कामाचा भाग आहे. कोरोनरी वाहिनी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी, कॅल्शियममुळे कडक झाली असेल तर आधी ती रसायनात ठेवून मऊ करतो, मग साधारण तीन-तीन मिलीमीटरवर आडवी कापत जातो. चकतीमागून चकती पाहावी, रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. आणि मग एखाद्या चकतीत तो गडद लाल गुठळीनं गच्च भरलेला दिसतो.

ती चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की सगळा घटनाक्रम समोर येतो. भिंतीत मऊ, चरबीयुक्त गाभा असतो. त्यात सुईसारख्या टोकदार रिकाम्या फटी दिसतात. तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते; काचपट्टी तयार करताना ते विरघळून जातात, जागा तेवढी उरते. गाभ्यावर कोलॅजेनचं, म्हणजे चिवट तंतूंचं, पातळ आवरण असतं आणि ते एका कडेला फाटलेलं असतं. कधी कधी तशाच फटी थेट गुठळीतही सापडतात, म्हणजे आतला ऐवज बाहेर रक्तात आला होता. पिकून फुटलेलं गळू डोळ्यांसमोर आणा, प्लाक (भिंतीत साठलेला हा चरबीचा थर) फुटण्याचा प्रकार बराचसा तसाच आहे.

हे आवरण का फाटतं? एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळतात, गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यातून गाभा वाढतो. शरीर त्यावर कोलॅजेनचं झाकण घालतं, पण सूज धुमसत राहिली तर त्याच पेशींमधून निघणारी विकरं ते झाकण आतून पोखरतात. फाटलेल्या जागांजवळ ते बहुधा ०.०६५ मिलीमीटरपेक्षाही पातळ झालेलं आढळतं. पहाटे-सकाळी रक्तदाब आणि ॲड्रेनलिन चढतं, तेव्हा ताण वाढतो. एकदा ते फाटलं की गाभ्यातला टिश्यू फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवायला सुरुवात करणारं प्रथिन, रक्ताला भिडतो, प्लेटलेट्स चिकटतात आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होऊ शकते.

प्लाक वाढताना वाहिनी बराच काळ बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे रक्ताचा रस्ता तेवढाच राहतो. हे १९८७ मध्ये सिमूर ग्लॅगोव्ह या पॅथॉलॉजिस्टनी दाखवलं. अँजिओग्राफीत दिसतो तो रस्ता, भिंत दिसत नाही. 'ब्लॉकेज फार नव्हतं' याचा अर्थ 'आजार थोडा होता' असा कृपया घेऊ नका.

सगळेच झटके फाटण्यातून येतात असं नाही. काहींमध्ये आवरण शाबूत असतं, वरचं नाजूक अस्तर तेवढं निघून जातं आणि तिथे गुठळी धरते. त्यात तरुण स्त्रिया आणि धूम्रपान करणारे अधिक दिसतात. दादाच्या बाबतीत नक्की काय झालं, हे मला इथून सांगता येणार नाही. पण सिगारेट अस्तरालाही इजा करते आणि प्लेटलेट्सही चिकट करते, म्हणून ती दोन्हीकडून घातकच. ती आता पूर्ण बंद झाली पाहिजे. या मुद्द्यावर मी अजिबात सवलत देणार नाही.

आता गोळ्यांबद्दल. झटक्याच्या वेळी स्टेंटनं त्याचा जीव वाचवला, यात शंका नाही. पण स्टेंट एका जागी बसतो आणि प्लाक अनेक जागी असतात. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध त्या सगळ्यांवर काम करतं : एलडीएल उतरतं, सूज निवते, आवरण जाड होतं. हे काम व्हायला महिनेच्या महिने लागतात, म्हणून गोळी चालू ठेवायची. रिपोर्ट चांगला आला की 'आता बस' म्हणणारे पुष्कळ भेटतात. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच. ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीची गोळी प्लेटलेट्सना आवरतात. नवीन स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ती जोडी बहुधा वर्षभर देतात. दात काढायचा असो की छोटं ऑपरेशन, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नये.

पुन्हा छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम असं काही झालं, तर ॲसिडिटी समजून थांबू नका. वाहिनी पूर्ण बंद पडली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. लगेच अँब्युलन्स बोलवा, गाडी स्वतः चालवू नये.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत झटका आला, म्हणजे तुमचाही धोका वाढलेला धरतात. या महिन्यात तुमचं एलडीएल, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या आणि ते आकडे तुमच्या डॉक्टरांना दाखवताना दादाचं वय आवर्जून सांगा.