निवृत्तीनंतर मोडी शिकताय? मग हे बघा

काका, सनावळ्यांच्या धास्तीने शाळेत सुटलेला इतिहास पुन्हा धरताय, तर थेट मोडीच शिका, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी. मुळाक्षरं लवकर बसतात. खरी गंमत पुढे. आधी ओळभर रेघ, तिला टांगलेली अक्षरं, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही! म्हणून रेखीव पेशवेकालीन पत्रं आधी घ्या. वर्ष अरबी आकड्यांत येतं: 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर, हजार, म्हणजेच शुहूर सन (त्या काळच्या कागदांतली कालगणना) ११७६. त्यात ५९९ मिळवा, इसवी सन १७७५ आलं. हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे जानेवारी ते मेच्या पत्राला ६००. रोज थोडंच वाचा, पण मोठ्याने. अडलेला शब्द कानाला आधी कळतो. आणि हो, घरातली जुनी खतपत्रं रद्दीत देऊ नका, सरावाला तीच घ्या.