वाचकांचे प्रश्न : शिरोलीच्या फाउंड्रीतून युरोपच्या बाजारावर प्रबंध

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा माझा विशेष विषय. प्रबंधासाठी मी ‘जागतिकीकरण आणि भारताची निर्यात : एक अभ्यास’ असे शीर्षक दिले होते, मार्गदर्शक बाईंनी ते ‘फार पसरट आहे’ म्हणून परत केले. माझे वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सुपरवायझर आहेत, त्यामुळे कास्टिंगच्या (ओतीव मालाच्या) निर्यातीवर काही करावे असे मनात आहे. परंतु परदेशी कंपन्यांपर्यंत माझी पोहोच नाही आणि हातात सहाच महिने आहेत. शंभर जणांकडून गुगल फॉर्म भरून घेतले तर चालेल का? सुरुवात कुठून करावी?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या बाईंनी शीर्षक परत केले ते योग्यच केले. त्या शीर्षकात विषय आहे, पण प्रश्न नाही. आणि ज्याला प्रश्न नाही त्याचे उत्तर सहा महिन्यांत काय, सहा वर्षांतही लिहिता येत नाही. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर आज तुम्हाला ठाऊक नसावे, ते ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन्ही बाजूंनी निघू शकावे आणि त्यासाठी लागणारी माणसे व कागद तुमच्या आवाक्यात असावेत. या तिसऱ्या अटीच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात, कारण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींइतके फाउंड्री उद्योगाचे दाट जाळे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि ते तुमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

मी तुमच्या जागी असतो तर युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन शुल्काचा विषय घेतला असता. उद्योगात त्याला ‘सीबॅम’ म्हणतात. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन हे माल बाहेरून युरोपीय संघात येताना त्यांच्या उत्पादनात किती कार्बन उत्सर्जन झाले याचा हिशेब या व्यवस्थेत द्यावा लागतो. 1 ऑक्टोबर 2023 ते 31 डिसेंबर 2025 या संक्रमणकाळात फक्त माहिती द्यायची होती. 1 जानेवारी 2026 पासूनच्या आयातीवर प्रत्यक्ष आर्थिक भार सुरू झाला. कायद्याने जबाबदारी युरोपातील आयातदाराची आहे, परंतु भट्टीत किती इंधन जळले आणि कोणता कच्चा माल किती वापरला ही माहिती त्याला कारखान्याकडूनच मिळू शकते. म्हणजे ब्रुसेल्समध्ये झालेल्या नियमाचे काम शेवटी शिरोलीतल्या एखाद्या लेखनिकाच्या टेबलावर येऊन पडते. आंतरराष्ट्रीय व्यवसाय म्हणजे काय, हे यापेक्षा जवळून पाहायला मिळणार नाही.

इथे एक खाचखळगा आहे आणि तोच तुमच्या प्रबंधाचा गाभा होऊ शकतो. लोखंडाची प्रत्येक वस्तू या यादीत येते असे नाही. मालाचा एचएस कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक मालाला दिलेला वर्गीकरण क्रमांक, पाहावा लागतो. मूळ नियमातील यादीत 7307 खाली येणारे पाइपांचे जोड आहेत, 7326 खालच्या लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू आहेत, परंतु 7325 खालच्या इतर ओतीव वस्तू नाहीत. तेच ओतकाम मशिनिंग होऊन वाहनाचा सुटा भाग म्हणून 8708 खाली गेले, तर तेही यादीबाहेर राहते. शिवाय वर्षाला एकूण 50 टनांपेक्षा कमी असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. तेव्हा तुमचा प्रश्न असा मांडता येईल : ‘कोल्हापूर परिसरातील ज्या फाउंड्रींचा माल युरोपात जातो, त्यांच्याकडे खरेदीदार उत्सर्जनाची माहिती मागत आहेत का, आणि यादीबाहेरच्या मालासाठीही ती मागितली जाते का?’ याचे उत्तर मला आज माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. म्हणूनच हा प्रश्न चांगला आहे. मात्र यादी व सवलती बदलत राहतात, म्हणून नियमाचा कोणत्या तारखेपर्यंतचा मजकूर आपण पाहिला हे पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवा.

आता गुगल फॉर्मबद्दल. शंभर फॉर्म भरून घेण्याचा मोह सोडा, असे मी कळकळीने सांगतो. या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी शंभर माणसे तुम्हाला मिळणार नाहीत. मग मित्रमैत्रिणी आणि नातेवाईक फॉर्म भरतात, टक्केवारीचे रंगीत आलेख तयार होतात आणि त्यांतून कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी दहा-बारा फाउंड्री निवडा. काही थेट निर्यात करणाऱ्या, काही मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत (दुसऱ्याचा माल विकत घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत) माल पाठवणाऱ्या, आणि काही पुण्या-चेन्नईच्या कंपनीला कास्टिंग देणाऱ्या. या तिसऱ्या गटाचा माल परदेशी पोहोचतो, पण शिपिंग बिलावर (निर्यातीच्या सीमाशुल्क कागदावर) नाव दुसऱ्याचे असते. त्यांना निर्यातदार म्हणायचे की नाही, हे तुम्हाला सुरुवातीलाच ठरवावे लागेल. मालक, निर्यातीचे काम पाहणारा माणूस आणि गुणवत्ता विभागातला माणूस यांपैकी निदान दोघांशी प्रत्येक ठिकाणी बोला. दर आणि खरेदीदारांची नावे विचारू नका. ती कोणी सांगणार नाही आणि तुम्हाला त्यांची गरजही नाही. खरेदीदाराने माहितीसाठी पाठवलेला कोरा नमुना मात्र दाखवायला सांगा, कारण तासाभराच्या गप्पांत येत नाही ते अशा एका कागदात दिसते. वडिलांच्या कारखान्याचा समावेश केलात तर ते नाते प्रबंधात स्पष्ट नोंदवा आणि तिथली मुलाखत शक्य तो शेवटी घ्या.

आकडेवारीसाठी केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाचा निर्यात-आयात माहितीकोश, संयुक्त राष्ट्रांचा ‘कॉमट्रेड’ आणि जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचा ‘ट्रेड मॅप’ हे तीन स्रोत पुरेसे आहेत. त्यांतून भारताची एखाद्या कोडखालची निर्यात देशवार कळते. कोल्हापूरचा वाटा कळत नाही, आणि तो अंदाजाने लिहूही नका. आपल्या मंत्रालयाचे आकडे बहुधा एप्रिल ते मार्च असे असतात, तर कॉमट्रेडचे वार्षिक आकडे जानेवारी ते डिसेंबर. त्यातच निर्यात एफओबी किमतीने, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने, मोजतात आणि आयात साधारणपणे सीआयएफ किमतीने, म्हणजे जहाजभाडे व विमा धरून. त्यामुळे भारताने जर्मनीला पाठवलेला माल आणि जर्मनीने भारतातून घेतलेला माल हे दोन आकडे जुळत नाहीत. त्यात चूक कोणाचीच नसते. एकच स्रोत शेवटपर्यंत वापरा आणि तो का निवडला हे दोन वाक्यांत सांगा.

सिद्धान्ताचे प्रकरण बहुतेक विद्यार्थी आधी लिहितात आणि मग त्याचा पुढे कुठेच उपयोग करत नाहीत. योहान्सन आणि वाल्ने यांनी 1977 मध्ये मांडलेले उप्साला प्रतिमान सांगते की कंपनी जवळच्या, ओळखीच्या बाजारापासून सुरुवात करून अनुभव वाढेल तशी पायरीपायरीने परदेशात पाय रोवते. ते महत्त्वाचे आहे, पण ज्या फाउंड्रीला परदेशी खरेदीदारानेच शोधून काढले आणि वस्तूच्या आराखड्यापासून तपासणीपर्यंत सारे ठरवून दिले, तिला ते नीट लागू पडत नाही. तिथे गेरेफी, हम्फ्री आणि स्टर्जन यांची 2005 मधील जागतिक मूल्यसाखळीची (कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत देशोदेशी विखुरलेल्या कामांच्या साखळीची) मांडणी अधिक उपयोगी पडेल, कारण साखळीत हुकूम कोणाचा चालतो हाच तिचा प्रश्न आहे आणि तुमचाही तोच आहे. एकच चौकट घ्या, पण तिची भाषा निष्कर्षापर्यंत सोडू नका.

वेळेचे म्हणाल तर पहिला महिना प्रश्न, एचएस कोड आणि वाचन यांना द्या आणि दुसऱ्या महिन्यातच फाउंड्रींचे उंबरठे झिजवायला लागा. मार्चअखेर कोणी भेटणार नाही. प्रत्येक मुलाखतीची टिपणे त्याच रात्री लिहून काढा. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहा.

प्रश्न : मी एम.कॉम.साठी हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांच्या निर्यातीवर लघुप्रबंध लिहीत आहे. कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुलाखती मराठीत होणार, लेखन मात्र इंग्रजीत करायचे आहे. मराठी बोलणे इंग्रजीत कसे आणावे? आणि नव्या व्यापार करारांचा परिणाम दाखवता येईल का?
– एक विद्यार्थी, हुपरी

उत्तर : मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत आधी पूर्ण उतरवून घ्या आणि विश्लेषणही त्या मराठी मजकुरावरच करा, इंग्रजीत फक्त प्रबंधात वापरायची वाक्येच न्या. ‘मजुरी’, ‘घट’, ‘उधारी’ अशा शब्दांना कारागीर जो अर्थ देतात तो इंग्रजी प्रतिशब्दात पुरा येत नाही, म्हणून असे शब्द रोमन लिपीत तसेच ठेवून पहिल्यांदा येतील तिथे त्यांचा अर्थ एका वाक्यात द्यावा. मूळ मराठी उतारे परिशिष्टात जोडले तर परीक्षकांना तुमचे भाषांतर पडताळता येईल.

करारांच्या बाबतीत निवड जपून करा. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार 1 मे 2022 पासून लागू आहे आणि त्याने भारतीय दागिन्यांवरील तिथले 5 टक्के आयात शुल्क काढले, त्यामुळे करारापूर्वीची आणि नंतरची अशी पुरेशी वर्षे तुम्हाला मिळतात. ब्रिटनबरोबरच्या करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांच्या गटाबरोबरचा करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. इतक्या अलीकडच्या करारांचा परिणाम मोजायला पुरेशा वर्षांचे आकडे नाहीत. अमिरातीच्या बाबतीतही निर्यात वाढली म्हणजे ती करारामुळेच वाढली असे लिहू नका, कारण त्याच काळात चांदीचा भावही बदलला आहे. म्हणून मूल्याबरोबर वजनाचेही आकडे घ्या. शुल्कसवलत मिळण्यासाठी मालासोबत मूळ देशाचे प्रमाणपत्र लागते. हुपरीतले किती व्यापारी ते काढतात, किती जण मुंबईच्या निर्यातदाराला माल देऊन मोकळे होतात आणि त्या सवलतीतले काही कारागिराच्या मजुरीपर्यंत पोहोचते का, हे गावातच राहून विचारण्याची सोय तुमच्याइतकी दुसऱ्या कोणाला नाही.